वाचक विचारतात : कॅन्सरच्या फाईलमधली भाषा कुठून शिकू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी बीए झालेली, वय ४३. मुलं मोठी झाली म्हणून एका संस्थेतर्फे इथल्या कॅन्सर हॉस्पिटलात हेल्प डेस्कवर बसायला लागले. काम आवडतंय, पण डॉक्टर आणि सिस्टर बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. नातेवाईक फाईल पुढे करून विचारतात, "मॅडम, यात काय लिहिलंय?" मेडिकल शब्दांचं एक जाडजूड पुस्तक आणलं, ए पासून पाठ करायला घेतलं, बी संपायच्या आत कंटाळले. इंग्लिश पण जेमतेमच. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी ते पुस्तक कपाटात ठेवून द्या. एबीसीडीच्या क्रमाने कोणी आजारी पडत नाही हो. फाईल ज्या क्रमाने जाड होत जाते ना, त्या क्रमाने शब्द शिका, म्हणजे आधी तपासणी, मग रिपोर्ट, मग स्टेज, मग ट्रीटमेंट. आणि इंग्लिशचं टेन्शन घेऊच नका, यातले बरेच शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलेत, इंग्लिश मीडियमवाल्यांनाही ते नवेच असतात.

सुरुवात बायोप्सीपासून. पेशंट त्याला "तुकडा काढला" म्हणतात, आणि एफएनएसी म्हणजे "सुईची तपासणी". तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही भीती गावोगावी आहे आणि त्यापायी लोक महिनेच्या महिने घालवतात, म्हणून हे नीट समजून घ्या की बायोप्सीशिवाय कुठल्या जातीचा कॅन्सर आहे हे कळत नाही आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. जात म्हणजे, कातडी किंवा आतल्या अस्तराच्या पेशींपासून निघाला तर कार्सिनोमा, हाड-स्नायू-चरबी वगैरेपासून निघाला तर सार्कोमा, लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोड्स, गळ्यात-काखेत असतात त्या बारीक ग्रंथी) लिम्फोमा, रक्ताचा ल्युकेमिया. आपल्याकडच्या तंबाखूवाल्या तोंडाच्या कॅन्सरच्या फाईलवर बहुतेक वेळा "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" दिसेल. बिनाईन म्हणजे साधी गाठ, मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची.

मग येतं ग्रेड आणि स्टेज, आणि इथे सगळे घोळ घालतात. ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचलाय ते. ग्रेड ३ वाचून "तिसरी स्टेज आहे" असं सांगितलेला नातेवाईक रात्रभर झोपत नाही. स्टेज लिहितात टीएनएमने, ही पद्धत फ्रान्सच्या पियेर दनुआ यांनी १९४०च्या दशकात सुरू केली, टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथी, एम म्हणजे लांब पसरलाय का. या अक्षरांच्या आधी बारीक सी असेल तर तपासून आणि स्कॅन बघून लावलेला अंदाज, पी असेल तर ऑपरेशननंतर लॅबने सांगितलेलं, त्यामुळे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्टेज वेगळी दिसली तर कोणी चुकलं असं नसतं. आणि आकड्याला फार भुलू नका. पंचावन्नच्या आतल्या पेशंटचा थायरॉईडचा नेहमीचा पॅपिलरी कॅन्सर फुप्फुसात गेला तरी तो स्टेज २ च धरतात, आणि ल्युकेमियाला तर टीएनएम लागूच नाही. त्यामुळे "माझ्या चुलत्याची पण तिसरी स्टेज होती" या गप्पांना फारसा अर्थ नसतो. अजून एक, स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तर तो स्तनाचाच राहतो, त्याला मेटास्टॅसिस किंवा वॉर्डाच्या भाषेत "मेट्स" म्हणतात, हाडाचा वेगळा कॅन्सर झाला असं नाही.

काही शब्द कानाला उलटे लागतात. मार्जिन निगेटिव्ह ही चांगली बातमी, कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. नोड्स २/१५ म्हणजे पंधरा ग्रंथी तपासल्या, दोनात सापडला. अनरिमार्केबल म्हणजे नॉर्मल. आणि प्रोग्रेसिव्ह डिसीज म्हणजे प्रोग्रेस नव्हे बरं का, आजार वाढलाय! स्तनाच्या रिपोर्टात हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) २+ दिसलं तर ते हो पण नाही आणि नाही पण नाही, पुढे फिश नावाची टेस्ट करतात, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर देतात, जिथल्या पेशी साखर जास्त खातात तो भाग चमकतो, पण टीबी आणि इन्फेक्शनही चमकतं, त्यामुळे "पेटमध्ये चमकलं" म्हणजे कॅन्सरच असं कोणाला सांगू नका.

लांबलचक शब्दांना शेपटीने पकडा. कोलेक्टमी, कोलोस्टमी, कोलोनोस्कोपी, तिन्हीत मोठं आतडंच आहे पण एक्टमी म्हणजे भाग कापून काढला, ऑस्टमी म्हणजे तोंड उघडून बाहेर आणलं, पोटावर पिशवी लागणार, आणि ऑस्कोपी म्हणजे नळी घालून नुसतं बघितलं. एवढ्या तीन शेपट्यांवर निम्मं ऑपरेशन थिएटर समजतं.

शॉर्टफॉर्मचा मात्र कधीही अंदाज बांधायचा नाही. तोंड-गळ्याच्या वॉर्डात आरटी म्हणजे रेडिएशन, राईल्स ट्यूब म्हणजे नाकातली नळीही आरटी, आणि राईट साईडचं उजवं तेही आरटीच लिहितात. सीए लिहिलं की कार्सिनोमा, पण रक्ताच्या रिपोर्टात तेच कॅल्शियम, सीए-१२५ ही रक्तातली ट्यूमर मार्करची टेस्ट, म्हणजे आणखी तिसराच प्रकार. सरळ सिस्टरला विचारा, त्यात कमीपणा नाही.

ट्रीटमेंटमध्ये पेशंटचे शब्द आधी शिका, कीमोला कितीतरी जण "सलाईन" म्हणतात आणि रेडिएशनला "शेक" किंवा "लाईट". रेडिएशनच्या कागदावर २५ फ्रॅक्शन लिहिलं तर रोज एक, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पाच आठवडे. डॉक्टरांसाठी तो डोस आहे, पण बार्शीहून आलेल्या घरासाठी पाच आठवड्यांचं राहणं, जेवण, बुडालेली मजुरी, आणि ते हिशेब करून देणं हेच तर तुमचं काम. अॅडज्युव्हंट म्हणजे ऑपरेशननंतरची ट्रीटमेंट, निओअॅडज्युव्हंट म्हणजे आधीची. न्यूट्रोपेनिया हा शब्द तर अगदी पाठच करा. कीमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन घरी सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्री दोन वाजता का असेना हॉस्पिटल गाठायचं. हे मराठीत, चार वेळा, घरातल्या माणसाकडून परत वदवून घ्या.

आता "यात काय लिहिलंय?" याचं उत्तर. शब्दाचा अर्थ सांगा, पुढे काय होणार ते सांगू नका. रिपोर्ट हातात आला की नाव, वय, डावं-उजवं बरोबर आहे का बघा आणि डॉक्टरांना विचारायचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून द्या. रीतसर शिकायचं असेल तर टाटा मेमोरियल सेंटरने टिससोबत (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सुरू केलेला "केवट" नावाचा पेशंट नॅव्हिगेशनचा, म्हणजे पेशंटला उपचारांची वाट दाखवण्याच्या कामाचा डिप्लोमा आहे, चौकशी करा. ही कल्पना हॅरोल्ड फ्रीमन नावाच्या सर्जननी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुरू केली, गरीब बायका तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये कुठेतरी हरवून जायच्या म्हणून.

प्रश्न : पेशंटचा मुलगा म्हणतो बाबांना कॅन्सर शब्द सांगू नका, आणि बाबा मला एकटं गाठून विचारतात. मी काय बोलू?
— एक स्वयंसेवक, नागपूर

उत्तर : खोटं बोलू नका आणि जाहीरही करू नका. "काका, तुम्हाला डॉक्टरांकडून काय काय कळायला हवंय?" असं विचारा, बहुतेक वेळा त्यांना आधीच कळलेलं असतं, हॉस्पिटलच्या बोर्डावरच लिहिलेलं असतं की. मग मुलाला आणि डॉक्टरांना सांगा की बाबा विचारतायत. कीमोच्या संमतीपत्रावर सही बाबांचीच लागते, त्यामुळे ती सही व्हायच्या आधी डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवावं असं आजच सुचवा.