वाचकांचे प्रश्न : संघ नव्याने बांधताना घाई कुठे नडते?

प्रश्न : अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडरने 2020-21 मध्ये 72 पैकी 22 सामने जिंकले, पुढच्या हंगामात 82 पैकी 24, आणि 2025 मध्ये थेट विजेतेपद. म्हणजे दोन-तीन वर्षं हरत राहिलं की संघ उभा राहतो, असंच ना?
– महाविद्यालयीन खेळाडू, भुसावळ

उत्तर : नाही. हरून फक्त लॉटरीचं तिकीट मिळतं; ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणता संघ आधी निवडणार हे ही लॉटरी ठरवते. 2019 मध्ये नियम बदलल्यावर तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, 14 टक्के, संधी मिळू लागली आणि अगदी शेवटचा संघही पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची शक्यता आली. डेट्रॉइट पिस्टन्सचं नेमकं तेच झालं. 2022-23 मध्ये 17 विजय, पुढच्या हंगामात 14. दोन्ही वेळा लीगमध्ये शेवटचे, आणि ड्राफ्टमध्ये दोन्ही वेळा पाचवे.

थंडरचा पाया त्या पराभवांच्या आधीच पडला होता. जुलै 2019 मध्ये त्यांनी आपला खेळाडू पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाला दिला आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर तर घेतलाच, शिवाय ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची पाच पिक (खेळाडू निवडण्याचे हक्क) घेतली. त्यातल्या एका पिकवर 2022 मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स आला. सौदा झाला त्या दिवसापासून विजेतेपदापर्यंत सहा वर्षं गेली. आशा धरायची तर एवढ्या लांबची धरा.

प्रश्न : केळी लावली की अकरा-बारा महिन्यांत घड हाती येतो. इथे पैसा रिकामा पडून असताना मालक मोठा खेळाडू का आणत नाहीत? आणि इतकी पिक गोळा करून ठेवायची कुठे?
– केळी उत्पादक, रावेर

उत्तर : पैसा रिकामा ठेवताच येत नाही. 2025-26 ची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या मानधनखर्चाची ठरवलेली मर्यादा, सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर ठरली आणि तिच्या किमान 90 टक्के रक्कम मानधनावर लावावीच लागते. प्रश्न ती कशावर लावायची, हा आहे.

शहाणा संघ कॅपमधली मोकळी जागा भाड्याने देतो. दुसऱ्याला नकोसा झालेला जड करार आपल्याकडे घ्यायचा आणि तो घेण्याची किंमत पिकमध्ये वसूल करायची. डिसेंबर 2020 मध्ये थंडरने फिलाडेल्फियाकडून अल हॉर्फर्डचा करार घेतला, सोबत 2025 चं पहिल्या फेरीचं पिक. सहा महिन्यांनी हॉर्फर्ड बॉस्टनला दिला, केम्बा वॉकरचा करार उचलला आणि सोळाव्या क्रमांकाचं पिक मिळवलं. ते ह्यूस्टनला देऊन पुढच्या वर्षांची दोन पिक घेतली. एका खोडाशी तुम्ही एकच पील (फुटवा) राखता आणि बाकीची कापता, तसंच हे; सगळी पिक एकदम वापरायची नाहीत. संघात नेहमीचे करार पंधराच, आणि सगळीच पोरं नवखी असली तर कुणालाच पुरेशी मिनिटं मिळत नाहीत.

यात एक खाचखळगा आहे. फिलाडेल्फियाचं ते पिक पहिल्या सहा क्रमांकांसाठी संरक्षित होतं. 2024-25 मध्ये त्यांचा संघ कोसळला, तिसरा क्रमांक आला आणि पिक त्यांच्याकडेच राहिलं. सौद्यात पिकची संख्या मोजण्याआधी संरक्षणाची अट वाचा.

प्रश्न : चुकीचा करार झालाच, तर खेळाडूला सोडून मोकळं होता येत नाही का?
– शिक्षक, धुळे

उत्तर : सोडता येतं, मोकळं होता येत नाही. डेट्रॉइटने 2013 मध्ये जॉश स्मिथशी चार वर्षांचा, 5 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला आणि डिसेंबर 2014 मध्येच त्याला सोडलं. चालू हंगामाचं मानधन द्यायचंच होतं. त्यापुढच्या दोन वर्षांचे 2 कोटी 70 लाख बाकी होते. नियमाप्रमाणे ही रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच वर्षांत पसरवता येते. म्हणून दरवर्षी 54 लाख, तेही 2019-20 पर्यंत! खेळाडू केव्हाच गेला आणि कॅपमधली जागा अडलेली राहिली. संघ पिकायच्या आत अनुभवी खेळाडू हवाच असेल, तर करार एक-दोन वर्षांचा ठेवावा. डेट्रॉइटनेच 2024 मध्ये टोबायस हॅरिस दोन वर्षांसाठी आणि मलिक बीजली एका वर्षासाठी घेतला. त्या हंगामात संघ 14 विजयांवरून 44 वर गेला.

प्रश्न : मग तरुण खेळाडूच्या बाबतीत थांबायचं किती?
– प्रशिक्षक, शहादा

उत्तर : करारच ते ठरवून देतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की असतात. तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. पण तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होतानाच, 31 ऑक्टोबरपर्यंत, द्यावा लागतो. हाताशी एकाच हंगामाचा खेळ असतो. आम्ही तरी तिथे खेळाडूच्या बाजूने झुकू, कारण रक्कम तुलनेने लहान असते आणि विसाव्या वर्षीचं पोरगं एका हंगामात कळत नाही. थंडरचा चेट होल्मग्रेन तर पायाच्या दुखापतीमुळे पहिला अख्खा हंगाम बाहेर होता.

कठोर व्हायचं ते तिसऱ्या हंगामानंतर. तेव्हा वाढीव कराराची दारं उघडतात आणि ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू होण्याआधी बंद होतात. डेट्रॉइटला केड कनिंगहॅमबद्दल होती तशी खात्री असेल, तर जुलैतच पाच वर्षं द्या. शंका असेल तर चौथा हंगाम खेळू द्या; त्यानंतर क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराचा औपचारिक प्रस्ताव) दिली, की बाहेरच्या संघाने लावलेली बोली तेवढीच भरून खेळाडू राखण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.