‘आम्ही’ आणि ‘आपण’

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नव्या गटात सहा महिने होऊनही आपण उपरेच राहिलो, याचे खापर तू स्वतःच्या अबोलपणावर फोडले आहेस. मला ते पटत नाही.

गट पडायला फार मोठे कारण लागत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कोणी जास्त केला नि कोणी कमी, किंवा दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे कोणाला आवडली, एवढ्याच सबबीवर ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांचे दोन गट पाडले होते (तेही खरे तर वाटेल तसे), तरीही पैसे वाटताना आपल्या गटाच्या पदरात थोडे कमी पडले तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त पडावे, असा मुलांचा कल दिसला. तुझ्या प्रश्नाला अधिक जवळचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ नोर्बर्ट एलियास आणि त्यांचे सहलेखक जॉन स्कॉटसन यांचा आहे. १९६५ च्या त्यांच्या पुस्तकातील इंग्लंडमधल्या वस्तीत जुने आणि नवे रहिवासी दोघेही कामगारच. ठळक फरक एवढाच, की एक आधी आले होते. जुन्यांचा आपसांतला परिचय मुरलेला असल्याने त्यांच्यात कुचाळकी झपाट्याने पसरे, आणि नव्यांपैकी मोजक्या कुटुंबांच्या वर्तनावरून साऱ्यांनाच नावे ठेवली जात. नवे मात्र एकमेकांनाच धड ओळखत नसल्याने त्यांना एकजुटीने उत्तर देता येत नसे.

आपल्या भाषेत ही सीमा सर्वनामांतच आखलेली आहे: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की आत. तुझ्यासमोर यांतले कोणते केव्हा येते, ते आठवडाभर नीट ऐक. कामाच्या वाटणीत ‘आपण’ आणि आठवणींत ‘आम्ही’ येत असेल, तर त्यात आकस शोधू नकोस. आठवणी सामायिक व्हायला वेळ लागतोच. उलट श्रेय घेताना ‘आम्ही’ आणि चूक निस्तरताना ‘आपण’ येत असेल, तर तिथे आत शिरण्याची धडपड मी तरी करणार नाही.

आणखी एक. दार सर्वांत घट्ट धरून ठेवतो तो नुकताच आत आलेला. माझ्या पहिल्या नोकरीत एका नव्या सहकाऱ्याने ‘कशावरून हसताय?’ असे विचारले, तेव्हा ‘काही नाही, जुनी गोष्ट आहे’ असे म्हणून मीच त्याला वाटेला लावले होते. ती गोष्ट मला स्वतःला जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी कळली होती.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे आणखी एक जण येणार असल्याचे तू ओझरते लिहिले आहेस. पहिल्याच दिवशी सर्वांदेखत त्याला दोन-चार जुने किस्से मुळापासून सांग, आणि तेव्हा इतरांचे चेहरे कसे होतात ते मला कळव.

तुझा शुभचिंतक