आंब्याच्या लाकडातल्या काळ्या रेघा रंगवलेल्या असतात का? घरी उमटवता येतात?

रंग नव्हे, ती बुरशीची करामत. शेजारी वाढणाऱ्या दोन बुरशी आपापली हद्द राखायला मेलॅनिन (काळं रंगद्रव्य) साठवतात. तीच काळी रेघ. फिकट पट्टे पांढऱ्या कुजीचे, म्हणजे लाकूड फिकट करणाऱ्या बुरशीचे; ती लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) खाते.

घरी जरूर करा, फार सुंदर काम आहे. ताजा ओंडका सावलीत मातीवर उभा ठेवा, वरून सैल प्लास्टिक. लाकडात ओलावा ३० टक्क्यांच्या वर, तापमान २० ते ३० अंश. पाण्यात बुडवू नका, हवेशिवाय बुरशी वाढत नाही. दर पंधरवड्याला टोकाची चकती कापून पाहा. नख रुतलं तर उशीर झाला, लाकूड फार मऊ झालं. मग लेथवर (लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर) तंतू उपटून येतील. रेघा मनासारख्या उमटल्या की लगेच चिरून ओलावा २० टक्क्यांखाली आणा, वाढ थांबते. कापताना, घासताना मास्क हवाच.