तिघांत वाटणी, की सगळं थोरल्याला आणि बाकीच्यांना वर्षासन?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा: स्वकष्टार्जित चालता कारखाना, दोन फ्लॅट, कारखान्यावर 40 लाखांचं कर्ज आणि तीन मुलं. सोळाव्या शतकात मध्य युरोपावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट पहिल्या फर्डिनंडसारखी तिघांत वाटणी करावी, की कारखान्यासकट सगळं थोरल्याला देऊन धाकट्या दोघांना वर्षासन, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम, लावून द्यावं? त्या घराण्याने दोन्ही करून पाहिलं आहे.

फर्डिनंडने वाटणी 1554 मध्येच ठरवली, मृत्यूच्या दहा वर्षं आधी. 1564 मध्ये तो गेल्यावर थोरल्या मॅक्सिमिलियनला बोहेमिया, हंगेरी आणि डॅन्यूबकाठचा ऑस्ट्रिया मिळाला, मधल्या फर्डिनंडला (नाव वडिलांचंच) टायरॉल, तर धाकट्या चार्ल्सला स्टायरिया, कॅरिंथिया आणि कार्निओला हे प्रांत. वडिलांचं कर्जही तिघांत वाटलं गेलं. हा भाग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

अडलं ते चालू खर्चापाशी. तुर्कांविरुद्धची सरहद्द होती हंगेरी-क्रोएशियात, थोरल्याच्या वाट्यात. ती फुटली तर आधी होरपळणार चार्ल्सचा मुलूख. शेवटी 1578 मध्ये ब्रुक या गावी चार्ल्सच्या प्रांतांतल्या सरदार-जमीनदारांनी क्रोएशियाच्या सरहद्दीचा खर्च उचलायचं कबूल केलं. बदल्यात त्यांना प्रॉटेस्टंट उपासनेची मोकळीक हवी होती. चार्ल्सने ती दिली, पण तोंडी. पुढे त्या शब्दावरूनच वर्षानुवर्षं भांडण चाललं.

थोरल्या शाखेने दुसरी वाट धरली. 1576 मध्ये मॅक्सिमिलियन वारल्यावर त्याचा वाटा अखंड थोरला मुलगा रुडॉल्फकडे गेला आणि रुडॉल्फच्या भावांना रोख वर्षासन ठरलं. 1608 मध्ये भाऊ मॅथियसने फौज आणून हंगेरी, ऑस्ट्रिया आणि मोराव्हिया त्याच्याकडून काढून घेतले. कारणं इतरही होती, पण ज्याच्या हातात फक्त हप्ता आहे तो आयुष्यभर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

म्हणून वर्षासन नको. कारखाना तोडूही नका. चालवणाऱ्यालाच तो कर्जासकट द्या आणि बाकी दोघांना एकेक फ्लॅट. आजच्या बाजारभावाने, कर्ज वजा करून, तिन्ही वाटे मांडा. फरक उरेल तो ठेवी किंवा म्युच्युअल फंडातून आत्ताच वेगळा काढा, पुढच्या नफ्यावर सोडू नका.

कर्ज तुम्ही घरात कसंही वाटलंत तरी बँकेवर ते बंधनकारक नसतं. कारखाना हस्तांतरित करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या, कर्ज कारखाना घेणाऱ्याच्या नावे वर्ग करा आणि धाकट्यांपैकी कोणी जामीन असेल तर त्यांची हमी सोडवून घ्या. हे राहिलं तर कारखाना एकाचा आणि वसुलीची नोटीस दुसऱ्याला, असं होतं.

मृत्युपत्रात एक कलम जरूर घाला: लाभार्थी आधी वारला तर त्याचा वाटा कोणाला. टायरॉलच्या फर्डिनंडची बायको फिलिपीन वेल्झर राजघराण्यातली नव्हती. तिच्या मुलांना राज्याचा वारसा नाही, हे आधीच ठरलं होतं. त्यामुळे 1595 मध्ये तो गेल्यावर टायरॉल लढाईविना घराण्याकडे परतलं. साक्षीदार दोन घ्या, मृत्युपत्रातून ज्यांना काहीही मिळत नाही असे.