वडिलांची झोप आणि ऐकणं सुधारायला साठीनंतर आहारात काय बदल करावा?

तुमचे वडील ६७ वर्षांचे, टीव्हीचा आवाज वाढवत नेतात, रात्री दोनला उठून बसतात, आणि तुम्ही विचारताय बदाम किती द्यायचे, तूप कोणतं. त्यांनी आयुष्यभर काम कुठे केलं ते मात्र लिहिलेलं नाही. मला आधी तेच विचारायचंय.

मी निवृत्त होईपर्यंत ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होतो. ओळीने पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी यंत्रं. अशा ठिकाणी आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. आमची पाळी आठ तासांची.

इअर मफ, म्हणजे आवाज अडवायला कानांवर बसवायची झाकणं, मागितले तर सुपरवायझर म्हणायचा, कापूस घाला. कापसाने असला आवाज अडत नाही. मी स्वतःच्या पैशाने मफ आणले आणि रोज घातले. शेजारच्या प्रेसवरचा जोडीदार त्यावरून मला सगळ्यांदेखत चिडवायचा. तो तालमीतला गडी. सूर्यनमस्कार, भिजवलेले बदाम, डब्यात तुपाची धार. "अंगात ताकद असली की कानाला काय होतंय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज आम्ही दोघं एकाच वयाचे, सकाळी कचराळी तलावावर भेटतो. माझी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणी, वयाच्या मानाने चांगली येते. त्याला समोरच्याचं बोलणं अर्धंच कळतं. रात्री सगळीकडे शांत झालं की कानातली शिट्टी जास्त जाणवते, म्हणून झोप नाही. घरचे म्हणतात, याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तसं नसतं हो. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ ही अक्षरं निसटतात, नातवंडांचं बोलणं निसटतं. आवाज येतो, शब्द लागत नाही. मुलीने घेऊन दिलेलं कानाचं मशीन कपाटात पडलंय आणि हा अजून म्हणतो, "वय झालं, चालायचंच." आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. बदामाने नाही, तुपाने नाही, आणि कानात तेल ओतून तर नाहीच. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

आहाराचा संबंध आहे, पण वेगळा. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी बारीक असते आणि ती तुंबली तर दुसरी वाट नाही. साखर, बीपी आणि विडी-सिगारेट आटोक्यात ठेवणं हाच कानाचा आहार. शाकाहारी असतील तर बी-१२ तपासून घ्या. झोपेसाठी संध्याकाळचा चहा बंद करा. कॅफिन अंगातून निम्मं कमी व्हायलाच पाच-सहा तास जातात. आमच्याकडे साडेसातला जेवणं होतात. दुपारी अर्ध्या तासावर झोपू देऊ नका. उतारवयात गाढ झोप कमी होतेच, त्यात नऊलाच आडवे होत असतील तर दोनला जाग येणार. जोरात घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल तर ते निराळं दुखणं, डॉक्टरांना दाखवा.

पण पहिलं काम कान तपासणं. मळ असेल तर तो काढून घ्या, मग ऑडिओमेट्री. वांद्र्याला अली यावर जंग ही सरकारी संस्था याच कामासाठी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे. मशीन घेतलंत तर रोज घालायला लावा. सवय व्हायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत "खरखर येते" म्हणून काढून ठेवलं की पैसे गेले.

कान घराण्यातूनही येतात, हेही खरं. जोडीदाराला मधुमेह आहे, तेव्हा सगळा दोष प्रेसचा असं मी म्हणणार नाही. पण मफ घालायला त्याचं काय जात होतं?

आणि एक, वडिलांना कधी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा. त्यावर औषध असतं, पण ते जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग.