जुन्या डिझेल गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) वर्षात तिसऱ्यांदा गेला. बदलूनही पुन्हा का जातो?

तीनदा गेला म्हणजे दोष बहुतेक अल्टरनेटरच्या बाहेर आहे. चौथा बसवण्याआधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. सेल मेलेली बॅटरी अल्टरनेटरला सतत पूर्ण ताकदीने राबवते, त्यात डायोड (अल्टरनेटरमधले वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

मग अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय. माझ्या गाडीत 0.9 आलं होतं! पट्टी वरून धड, पण नट काढल्यावर खाली हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने घासून नवी पट्टी टाकली, त्रास थांबला.

डिझेल असल्याने आणखी एक बघाच: अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. त्याचं सील गेलं की ऑइल आत झिरपतं आणि ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) चिकटतात. जुना अल्टरनेटर उघडून घ्या. आत तेलकट काळा चिखल असेल तर कारण सापडलं. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा (बेल्ट) फार ताणला तर बेअरिंग जातं.

आणि कृपा करून चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग चेक' करू देऊ नका. त्यानेच डायोड उडतात.