इंदूर विमानतळावरून सुदामा नगरला रात्री कसे जावे

आपला प्रश्न थोडक्यात असा : रात्री सव्वादहाला उतरणाऱ्या विमानाने पुण्याहून आपण उभयता, दोन मुले आणि गुडघ्यांमुळे फार चालू न शकणाऱ्या सासूबाई असे पाच जण चार मोठ्या बॅगा घेऊन इंदूरला येत आहात. सुदामा नगरात मावसबहिणीकडे मुंज आहे. विमानतळावरून ॲपची टॅक्सी घ्यावी, प्रीपेड काउंटरवर जावे, बस पाहावी की बहिणीच्या यजमानांनाच गाडी घेऊन बोलवावे, हे ठरत नाही. मुंजीनंतर एक दिवस उज्जैनला जायचे आहे आणि परतीचे विमान रंगपंचमीला दुपारी आहे. मी इंदूरचाच रहिवासी आहे आणि पाहुण्यांना आणणे-पोहोचवणे आमच्या घरी बारा महिने चालू असते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण भाड्यांची तुलना करण्यात बराच वेळ घालवलेला दिसतो. मुंबई, बंगळूरसारख्या ठिकाणी, जिथे विमानतळ ते घर हा प्रवास कधी कधी विमानप्रवासापेक्षा लांबतो, तिथे ती तुलना महत्त्वाची असते. इंदूरचे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिम कडेला, बिजासन टेकडीजवळ आहे आणि तिथून शहराच्या मध्यभागातला राजवाडा सुमारे ८ किलोमीटरवर आहे. इतक्या कमी अंतरात एका वाहनाच्या आणि दुसऱ्या वाहनाच्या भाड्यात जो फरक पडतो, तो पाच जणांच्या प्रवासखर्चात नगण्य असतो. म्हणून येथे वाहन भाड्यावरून ठरवू नये. कोणत्या भागात जायचे आहे, किती वाजता जायचे आहे आणि सोबत कोण व काय आहे, यांवरून ठरवावे. आपल्या बाबतीत या तिन्हींचे उत्तर स्पष्ट आहे : मोठी गाडी, थेट दारापर्यंत, वाटेत बदल न करता.

प्रथम माणसे आणि सामान यांचा हिशोब करू, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. ॲपवर ज्या साध्या गाड्या मिळतात, त्यांत चालक सोडून चारच प्रवासी बसू शकतात. पाचव्याला, मग ते मूल का असेना, दाटीवाटीने बसवायला चालक नकार देतो आणि तो नियमाला धरून असतो. याशिवाय आपल्याकडच्या बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि त्यांच्या डिकीत गॅसची टाकी आडवी बसवलेली असते. बाहेरून गाडी ऐसपैस दिसते, पण डिकी उघडल्यावर टाकीच्या पुढे जेमतेम एक मोठी बॅग आणि दोन पिशव्या मावतील एवढीच जागा उरते. आमच्या नात्यातले एक कुटुंब गेल्या उन्हाळ्यात अशाच गाडीतून आले, तेव्हा आजोबांना मांडीवर बॅग घेऊन बसावे लागले आणि घरी पोहोचल्यावर त्यांना बराच वेळ पाय सरळ करता येईना. तेव्हा आपण एर्टिगासारखी सहा प्रवाशांची गाडीच घ्यावी. तिच्यातही तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर सामानाला फारशी जागा राहत नाही. मागच्या रांगेतली निम्मी बैठक आडवी पाडून तिथे बॅगा रचाव्यात, उरलेल्या निम्म्या बैठकीवर एका मुलाला बसवावे आणि सासूबाईंना पुढे चालकाशेजारी बसवावे, कारण तिथे पाय लांब करता येतात आणि चढणे-उतरणेही सोपे जाते. गाडी ठरवल्यावर चालकाचा फोन आला की पहिला प्रश्न डिकीचा विचारावा. चार मोठ्या बॅगा आहेत असे स्पष्ट सांगावे, म्हणजे न जमणारा चालक तिथल्या तिथे तसे सांगतो.

आता ॲप की प्रीपेड, याविषयी. दोन्हींत खोट नाही. कोणती केव्हा घ्यावी, एवढेच पाहायचे असते. रात्री दोन-तीन विमाने पाठोपाठ उतरली की सगळे प्रवासी एकाच वेळी मोबाइल काढतात आणि ॲपवरचे भाडे चढते. गर्दी ओसरली की ते पुन्हा खाली येते. एकटा माणूस पंधरा मिनिटे चहा घेत थांबू शकतो. सासूबाईंना मात्र त्यासाठी ताटकळत ठेवू नये. प्रीपेड काउंटरचे दर भागांनुसार ठरलेले असतात, गर्दीमुळे ते बदलत नाहीत आणि मोठी गाडी हवी असल्यास समोरच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलता येते. म्हणून माझा सल्ला असा की, सामान पट्ट्यावर यायची वाट पाहत असतानाच ॲपवर सहा प्रवाशांच्या गाडीचे भाडे पाहून ठेवावे, पण गाडी नोंदवू नये. बॅगा हातात आल्यावर प्रीपेडचा दर विचारावा आणि फरक थोडाच असेल तर बिनदिक्कत प्रीपेड घ्यावी. बॅगा येण्याआधी गाडी नोंदवली आणि सामानाला उशीर झाला, तर चालक बाहेर खोळंबतो, थांबण्याचे पैसे लागतात किंवा तो फेरीच रद्द करतो आणि मग सुरुवातीपासून सगळे करावे लागते.

प्रीपेड घेतल्यास पावतीवर गाडीचा क्रमांक आणि जाण्याचा भाग नीट लिहिला आहे ना, हे काउंटरवरच वाचून घ्यावे. चालकाला द्यायची प्रत घराच्या दारात उतरल्यानंतर, सगळे सामान खाली घेतल्यावरच त्याच्या हाती द्यावी. ॲपची गाडी घेतल्यास क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. फेरी रद्द करा आणि रोख द्या, थोडे कमी घेतो, असे कोणी म्हणाले तर ठामपणे नाही म्हणावे, कारण फेरी रद्द होताच त्या प्रवासाची कुठेही नोंद राहत नाही. पुढे बॅग गाडीत राहिली किंवा वाटेत काही झाले तर दाद मागायला आधार उरत नाही. दाराबाहेर पडताच टॅक्सी, टॅक्सी करत जवळ येणाऱ्यांच्या मागे जाण्यापूर्वी गाडीची पाटी पाहावी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते. ती भाड्याने वापरताना अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. रात्री कुटुंबाला घेऊन अशा गाडीत बसू नये, भाडे कितीही कमी सांगितले तरी.

सासूबाईंसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे तिकिटाबरोबरच, निदान दोन दिवस आधी नोंदवावी. विमानाच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत मदतनीस सोबत असतो, त्यामुळे गाडी मिळेपर्यंत त्यांना उभे राहावे लागत नाही. आपल्यापैकी एकाने त्यांच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्याने गाडीचे पाहावे. ॲपमध्ये आपण उभे असलेली जागा नकाशा कधी कधी बाहेरच्या रस्त्यावर दाखवतो आणि चालक तिथे जाऊन थांबतो. म्हणून फोनवर आपण कोणत्या दाराशी आहोत ते सांगावे. इथले बहुतेक चालक हिंदी आणि माळवी बोलतात. ‘भिया, बुजुर्ग साथ में हैं, गाड़ी गेट तक ले आओ’ एवढे म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, इंदूरची माणसे या बाबतीत खरोखर चांगली आहेत.

बहिणीच्या यजमानांना बोलवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. ते आग्रह करतील, कारण पाहुण्याला घ्यायला जाणे ही इथल्या मराठी घरांत रीतच आहे. पण मुंजीच्या तोंडावर त्यांच्यामागे मांडव, आचारी आणि गुरुजी यांची धावपळ असेल, आणि त्यांची गाडी पाच आसनी असेल तर ते स्वतः धरून सहा माणसे व चार बॅगा तिच्यात मावणारच नाहीत. शेवटी दुसरी गाडी करावीच लागेल. त्यांना वेगळ्या कामाला लावावे. सुदामा नगर सेक्टरांमध्ये विभागलेले आहे, गल्ल्या दिसायला सारख्या आहेत आणि एकाच क्रमांकाचे घर दोन सेक्टरांत असू शकते. तेव्हा त्यांनी स्वतःच्या दारात उभे राहून लोकेशन पाठवावे, सेक्टरचे अक्षर कळवावे आणि आपली गाडी गोपुर चौराह्याजवळ आली की गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहावे. रात्री अकराच्या सुमारास अनोळखी वसाहतीत घर शोधत फिरण्याचा त्रास यामुळे पूर्ण टळतो.

रस्त्याविषयी एवढे ध्यानात ठेवावे की सुदामा नगरला जाण्यासाठी राजवाड्याच्या बाजूला जाण्याची काहीच गरज नाही. विमानतळावरून एरोड्रम रोडने कालानी नगर, तिथून चंदन नगर, फूटी कोठी आणि पुढे सुदामा नगर असा पश्चिमेकडूनच जाणारा रस्ता आहे. नकाशाने बडा गणपतीकडून नेले तरी घाबरू नये, तोही शहराचाच नेहमीचा रस्ता आहे. मात्र राजवाडा आणि सराफ्याच्या दिशेला गाडी वळू लागली तर चालकाला विचारावे. सराफ्यात सोन्या-चांदीची दुकाने बंद झाली की खाण्याचा बाजार भरतो आणि आपण उतराल त्या वेळी तो ऐन भरात असतो.

बस आणि मेट्रोविषयी थोडक्यात, कारण त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. एरोड्रम रोडवरून शहराकडे सिटी बस आणि मॅजिक (प्रवासी वाटून घेणाऱ्या छोट्या व्हॅन) धावतात, आवाराबाहेर ऑटोही मिळतात आणि पाठीवर एक पिशवी असलेल्या विद्यार्थ्याला दिवसा त्या अगदी सोयीच्या आहेत. जुन्या माहितीत आयबसचा उल्लेख सापडेल. ती एबी (आग्रा-मुंबई) रोडवरच्या बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेतून, राजीव गांधी चौराहा ते निरंजनपूर अशी धावत असे, विमानतळाशी तिचा थेट संबंध नव्हता, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मार्गिकाच काढायला घेतली गेली. मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. सुमारे ६ किलोमीटरचा आणि ५ स्थानकांचा हा टप्पा गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर आहे, म्हणजे सुदामा नगरच्या उलट दिशेला. राजवाडा आणि बडा गणपतीकडून विमानतळापर्यंत येणारा भाग भुयारी आखलेला आहे. तो झाला की हे सारे उत्तर नव्याने लिहावे लागेल आणि मला त्याचा आनंदच होईल.

हाच प्रश्न इतरांनाही पडतो, म्हणून वेगळ्या भागांत जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. विजय नगरला जाणाऱ्यांनी शहरातून न जाता सुपर कॉरिडॉर, लवकुश चौराहा आणि एमआर-१० या रस्त्याने जावे. राजवाड्याजवळच्या जुन्या गल्ल्यांत उतरणाऱ्यांना चारचाकीपेक्षा ऑटो बरा, कारण शीतलामाता बाजाराच्या आतल्या भागात गाडी दारापर्यंत पोहोचतच नाही. विमानतळावरून थेट ओंकारेश्वरला निघणाऱ्यांना शहर ओलांडून खंडवा रोडला लागावे लागते आणि पुढे घाट आहे. रात्री उतरल्यास मुक्काम इंदुरात करावा.

उज्जैनसाठी विमानतळावरून आणलेली गाडी अडकवून ठेवू नये. ती स्वतंत्र ठरवावी. अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्या रस्त्याचे सहापदरीकरण हाती घेतलेले आहे, त्यामुळे परतीसाठी हाताशी वेळ राखून ठेवावा. दर ठरवताना टोल, पार्किंग, थांबण्याचे तास आणि चालकाचा भत्ता धरून एकूण किती, असा एकच आकडा विचारावा आणि तो संदेशावर लिहून घ्यावा. महाकाल मंदिरातल्या पहाटे ४ च्या भस्म आरतीचा विचार असेल तर तिची नोंदणी आधी करावी लागते आणि सासूबाईंना मध्यरात्रीनंतर इथून नेण्यापेक्षा आदल्या रात्री उज्जैनलाच राहावे.

राहता राहिली रंगपंचमी. आपल्या नियोजनातली खरी जोखीम हीच आहे. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत राजवाडा आणि मल्हारगंज भागात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक निघते, लाखो माणसे रस्त्यावर असतात, पाण्याच्या तोफांतून रंग उडतो आणि त्या भागातली वाहतूक बंद ठेवतात. सुदामा नगरातून फूटी कोठी आणि चंदन नगरमार्गे जाणारा आपला रस्ता गेरीच्या बाहेर आहे, पण तिकडून वळवलेली वाहतूक याच रस्त्यांवर येते. शिवाय गाडीतल्या बैठकांना रंग लागेल म्हणून पुष्कळ चालक त्या दिवशी दुपारपर्यंत गाडीच काढत नाहीत. ऐन वेळी ॲप उघडले तर गाडी मिळेलच असे नाही. मोठी गाडी आदल्या दिवशीच ओळखीच्या चालकाकडून ठरवून घ्यावी, त्याला सकाळी एकदा फोन करावा आणि एरवी निघाला असता त्यापेक्षा तासभर आधी निघावे. मुलांना गेर पाहायचीच असेल तर घरच्या मोठ्यांबरोबर सकाळी लवकर पाठवावे, कपडे बदलायला वेळ ठेवावा आणि बॅगा रात्रीच भरून दाराशी ठेवाव्यात. बहिणीच्या यजमानांना या दिवशी मात्र हक्काने सोबत घ्यावे. कोणती गल्ली उघडी आहे आणि कोणती बंद, हे त्या सकाळी नकाशापेक्षा त्यांना जास्त नेमके ठाऊक असेल.